चोरांचे चेअरमन

नानांनी विनोद केला की ते थांबतात. तुम्ही हसेपर्यंत पुढचं वाक्य नाही. परवा धुळ्याच्या भाजीबाजारात त्यांनी वांगीवाल्या बाईला विचारलं, "या वांगास्ले आधार कार्ड शे का?" आणि कमरेवर हात ठेवून उभे. मागे गिऱ्हाइकं खोळंबली, बाई वैतागली, शेवटी मीच खोटंखोटं हसलो आणि त्यांना पुढे ढकललं. मी शेजारी राहतो, त्यामुळे हसायची ड्यूटी बहुतेक माझ्याकडेच असते.

ही सवय नाटकातली. आमच्या गल्लीतल्या मंडळाचं चोरांचं संगीत नाटक खानदेशात गावोगाव चालायचं. चोरांनी सहकारी संस्था काढलेली. नाना तिचे चेअरमन आणि पेटीवर मी. वार्षिक सभेत गाणं मध्येच तोडून नाना म्हणत, "यंदा आपला एक बी मानूस सापडना नही. पोलिसस्ना आभार!" मंडपात हसून हसून लोकांची पोटं दुखायची. हशा विरला तरी नाना आपले उभेच. पेटीवर सूर धरून माझा हात भरून यायचा. हशाची हाव, दुसरं काय, असं आम्ही म्हणत असू.

यंदा दोंडाईच्याच्या एका तरुणाने त्या नाटकाचा सिनेमा काढला. अमळनेरच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग गिरणीत शूटिंग. कॅमेरा सुरू झाला की कुणी ब्र काढायचा नाही. नानांनी पोलिसांचे आभार मानले आणि थांबले.

"नाना, पुढचं बोला," तो तरुण म्हणाला.

"लोके हासतीन ना भो!"

"इथे कोण आहे हसायला? जाऊ द्या, मधलं सगळं मी एडिटिंगला कापतो."

परतीच्या एसटीत नानांना चैन नव्हतं. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. उठून मागे बसले, परत पुढे आले. "बठ्ठं कापी टाकस म्हने तो!"

"कापू द्या की. सिनेमा जरा पळेल तरी," मी म्हणालो.

"मंग तिले काय समजी?"

ती म्हणजे अक्का, नानांची बायको. अक्कांना कमी ऐकू येतं. प्रयोगाला त्या बायकांत पुढे बसायच्या. सगळे हसले की शेजारणीला विचारायच्या, "काय म्हने वं तो?" शेजारीण कानात सांगायची, मग अक्का हसायच्या, आणि मग नाना पुढचं वाक्य घ्यायचे. इतकी वर्षं पेटी घेऊन मी दोघांच्या मध्ये बसलो आणि मला हे दिसलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

धुळ्यात सिनेमा लागला तेव्हा मधलं सगळं खरंच कापलेलं होतं. पडद्यावरचे नाना कुणासाठी थांबत नव्हते. माझ्या शेजारचे नाना थोडा वेळ चुळबुळले, मग लोकांचे पाय तुडवत बायकांत बसलेल्या अक्कांशेजारी जाऊन बसले आणि स्वतःचीच वाक्यं त्यांच्या कानात सांगू लागले. सिनेमा पुढे, अक्का मागे.

शेवटच्या प्रवेशात चेअरमन मरतो. थिएटर चिडीचूप, बायकांचे पदर डोळ्यांना लागलेले. तेवढ्यात अक्का खळखळून हसल्या. त्यांच्यापर्यंत आत्ता कुठे मागचा विनोद पोचला होता. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने वळून "शूऽऽ" केलं.

नाना ताडकन उभे राहिले आणि पडद्यावरच्या मेलेल्या चेअरमनकडे बोट दाखवलं.

"हासू द्या ना भो तिले. तठे मी मरेल शे, पळी थोडाच जास!"