घरची हजेरी

आमचे बडे बाबू संध्याकाळी साडेपाच वाजले की उठत, प्रत्येक टेबलावरची दौत उचलत, बूच घट्ट बसवत आणि साऱ्या दौती आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावत. कुणाचं वाक्य अर्धं राहिलं असलं तरी त्यांची हरकत नसे. "राहू दे भाई. सकाळी कुठून सुरू करायचं ते शोधावं नाही लागणार."

नाव नामदेव चौधरी. पण बुऱ्हाणपूरच्या आमच्या कचेरीत हेडक्लार्कला सगळे बडे बाबूच म्हणत. नवं राज्य नुकतंच झालं होतं. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि आमच्या टेबलांवर कामाचा डोंगर आला. जुने नमुने रद्द, नवे हिंदीत, सगळ्याच्या पुन्हा नकला. मी तेव्हा नवा होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. दौत कपाटात गेली की फायली पिशवीत घालून लोधीपुऱ्यातल्या घरी न्यायचो आणि खोलीचं दार लावून लिहीत बसायचो. माझी दीड वर्षाची कुसुम मला पाहिलं की आईच्या पदराआड लपायची. बायकोनं ते दोनदा बोलून दाखवलं. मी ऐकून घेतलं आणि दार लावलं.

मग एकदा भोपाळचं तातडीचं पाकीट मी जुन्या सवयीनं नागपूरला धाडलं. आता नोकरी जाते असं वाटलं. बडे बाबू रागावले नाहीत. पिशवीतल्या फायली काढून घेत म्हणाले, "हात इथं, डोकं कुठंच नाही. उद्यापासून तुझी घरची हजेरी."

घरची हजेरी म्हणजे रोज सकाळी काम सुरू करण्याआधी काल घरी काय झालं ते सांगायचं. काय शिजलं, बायको काय म्हणाली, लेक नवं काय बोलली. "फायलीचा नंबर तोंडपाठ, आन पोरीचे दात किती ते नाही मालूम?" साऱ्या कचेरीसमोर! मला भारी राग यायचा. तिसऱ्या दिवशी मी सरळ थाप मारली, "वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी."

बडे बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. "काल एकादशी होती ना रे! तुझ्या घरी भरीत झालं?"

कचेरी खो खो हसली. "खोटा रेकॉर्ड बनवतो? जा, आज चारलाच घरी जा. खरं पाहून ये."

तोंड पाडून घरी गेलो. कुसुम आधी लपली, मग लांबून बघत राहिली. दिवेलागणीला जवळ आली आणि हातातलं अर्धं चघळलेलं केळं तिनं माझ्या तोंडात कोंबलं. सकाळी कुणी विचारायच्या आधीच मी हे सांगून टाकलं. "पास!" बडे बाबू म्हणाले. कामही पुढे वेळेत होऊ लागलं, कारण विश्रांती घेतलेलं डोकं पाकिटं नागपूरला धाडत नाही. आज कुसुम माझ्याशी हक्कानं भांडते, ते त्यांचे उपकार आहेत.

एका शनिवारी ते माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळले. "उद्या नेपानगरला येशील?"

त्यांचा मुलगा वसंत तिथल्या कागद कारखान्यात होता. आपण होऊन दोन-दोन पाळ्या करायचा. बडे बाबू दर रविवारी जायचे, नातवाजवळ बसायचे आणि मुलगा न भेटताच परत यायचे. नातूही बापाला बिचकू लागला होता.

"तू सांग त्याला," ते म्हणाले. "मी कोणत्या तोंडानं सांगू? तो लहान होता तेव्हा मी कचेरीतच राहायचो. एकदा लवकर घरी गेलो, तर मला पाहून आईला म्हणे, कोणी आलं आहे."

पाळी सुटताना वसंत आम्हाला फाटकाशी भेटला. दुसऱ्या पाळीसाठी परत आत जाणार होता. मला भाषण येत नाही. मी त्याला कुसुमची गोष्ट सांगितली, केळ्यासकट. बडे बाबू दूर उभे राहून फलकावरच्या सूचना वाचत होते. गोष्ट संपताच वसंत आत गेला.

"चल," बडे बाबू म्हणाले. "गाडीची वेळ झाली."

आम्ही वळलो तोच मागून वसंत सायकलवर आला आणि वडिलांना म्हणाला, "दादा, आज सुट्टी सांगून आलो. घरी चला, जेवून जा."

बडे बाबू माघारी फिरले. सायकलीला हात लावून ते मुलाशेजारी चालू लागले. बरंच चालल्यावर हळूच म्हणाले, "वसंता, तुला जेवणात आवडतं काय रे? मला मालूमच नाही."