वेताचा झोळ

लोखंड तुटण्याआधी वाकून कल्पना देतं. काच देत नाही.

सरांच्या मेव्हण्याला बारक्या हे नाव पाळण्यात पडलं. आता वजनकाटाही त्याला बघून आढेवेढे घेतो.

वेत ओला असताना विणतात. वाळला की तो आपोआप ताणला जातो.

सरांच्या वरच्या मजल्यावर सुतार दारं बसवत होता.

सरांनी आयुष्यातली पहिली थाप मारली ती एका रविवारी सकाळी, चहाचं आधण ठेवताना.

झालं ते असं. सरांचं उभं आयुष्य ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ शिकवण्यात गेलेलं. तुळई किती वाकेल, खांब कधी मान टाकेल, हे त्यांना झोपेतून उठवून विचारावं. बायको आजारात गेल्यापासून मात्र तसं विचारायला घरात कोणी नव्हतं.

खिडकीजवळ तिची खुर्ची होती. लाकडी, हातांची, बैठक वेताने विणलेली. वर्षानुवर्षं तीच बसल्यामुळे वेताला झोळ पडला होता, डावीकडे जरा जास्त, कारण वाचताना ती डावीकडे कलायची. त्या झोळाचं शास्त्र सरांना पाठ होतं. भार काढला की वस्तू पूर्वपदावर येते, पण एका हद्दीपर्यंतच. हद्द ओलांडली की बाक कायमचा. हे त्यांनी पोरांच्या पिढ्यांना फळ्यावर काढून दाखवलं होतं, आणि पदार्थाचा दोष म्हणूनच दाखवलं होतं. आता घरात तिचा आकार तेवढाच उरला होता. दुसरं कोणी बसलं की तो आकार त्याचा होणार. म्हणून सर स्वतःही तिथे बसत नसत.

आणि त्या रविवारी बारक्या, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, वजनात शंभरी पार केलेला देह घेऊन, बायकोसह आला आणि सरळ त्या खुर्चीकडे निघाला.

“अरे, तिच्यात नको,” सर स्वयंपाकघरातून घाईने बाहेर येत म्हणाले. “कमकुवत झालीये ती.”

“कुठे?”

“सांध्यात.”

“दिसत तर नाही काही.”

“भेगा आतून पडतात. बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.”

वाक्य खरं होतं, फक्त खुर्चीबद्दलचं नव्हतं. ते दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघेही खिडकीबाहेर बघू लागले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण बारक्या मदतीला धावणाऱ्यांपैकी, आणि अशा माणसांना आवरणारा ब्रेक अजून कोणी बनवलेला नाही.

“भाऊजी, तुम्ही एकटे राहता. उद्या चुकून बसलात आणि माकडहाड मोडलं, तर उचलायला आहे का कोणी?” असं म्हणत तो जिन्यात गेला आणि वरच्या सुताराला घेऊनच आला.

सुताराला खुर्ची दाखवणं म्हणजे न्हाव्याला डोकं दाखवणं. त्याने चारही पाय ठोकून पाहिले.

“कमकुवत कोण म्हणालं?”

“हे. प्रोफेसर आहेत त्यातलेच.”

“मग बरोबरच असणार. पाय गेलेत. वाळवी आहे.”

“वाळवी?” सरांनी विचारलं.

“आतून असते साहेब. बाहेर दिसेपर्यंत उशीर होतो.”

सरांना स्वतःचंच शास्त्र ऐकून घ्यावं लागलं.

“मग घरात ठेवायची कशाला?” बारक्याची बायको म्हणाली. “बाकीच्या लाकडाला लागेल ती.”

“जाताना गाडीत टाकतो आणि भंगारात देतो,” बारक्या म्हणाला. “तुम्हाला नवी आणतो, भाऊजी. गादीची. मागे रेललं की पाय आपोआप वर येतात.”

आत चहा उतू गेला. सरांचं तिकडे लक्ष नव्हतं.

“तशी मजबूत आहे ती,” सर म्हणाले.

“आत्ताच तर कमकुवत म्हणालात.”

“ते सुरक्षा गुणांक धरून.”

“म्हणजे?”

“भीती वाटते म्हणून जे जास्तीचं धरतात, ते.”

“आणि वाळवी?”

सगळ्यांनी सुताराकडे पाहिलं. “साहेब म्हणतील तसं,” तो म्हणाला.

सरांनी सिद्ध करून दाखवायचं ठरवलं. सुताराकडून एक फळी मागून घेतली, ती बैठकीच्या लाकडी चौकटीवर अशी टेकवली की वेताला केसभरही धक्का लागू नये, आणि वर पाण्याने काठोकाठ भरलेल्या दोन बादल्या ठेवल्या. खुर्ची हलली नाही.

“बघा,” सर म्हणाले.

“पण भाऊजी,” बारक्याची बायको म्हणाली, “भार तर सगळा चौकटीवर गेला. वेत कुठे तपासलात?”

हिला पहिल्या बाकावर बसवायला हवं होतं, असं सरांच्या मनात आलं.

“वाद कशाला? मीच बसतो,” बारक्या म्हणाला. “टिकली तर राहिली, मोडली तर नेतो.”

सरांनी बादल्या उतरवल्या. फळी काढायला त्यांना जरा वेळ लागला. झोळ वाचवावा तर खुर्ची जाते, आणि खुर्ची गेली की झोळ कुठला?

“बस,” ते म्हणाले. “एकदम नको. हळूहळू.”

बारक्या बसला. वेत करकरला. सुतार दोन पावलं मागे सरला. खुर्चीने सगळं सोसलं.

“झालं? उठा आता,” बारक्याची बायको म्हणाली.

बारक्या उठला नाही. हातावरचं पॉलिश जिथे झिजलं होतं, तिथे त्याचा अंगठा फिरत राहिला.

“ताई इथूनच फोन करायची ना मला?”

“हो.”

“मागून कुकरच्या शिट्ट्या यायच्या. मी म्हणायचो, भाऊजींना सांग की गॅस बंद करायला. तर म्हणायची, असू दे रे, ते तुळया वाकवतायत.”

मग त्याने मान खाली घातली, आणि एवढ्या मोठ्या अंगाला रडताना आवाज न करणं किती जड जातं ते दिसलं. सुताराने फळी उचलली. बारक्याची बायको आत जाऊन गॅस बंद करून आली. सर बाजूला उभे होते. त्यांनी त्याला उठवलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हलका, जणू तेवढाही भार जास्त होईल.

तो उठला तेव्हा वेत मधोमध खाली गेला होता. रुंद, खोल, दोन्ही बाजूंनी सारखा.

“टिकली हो, भाऊजी.”

“टिकली.”

“पुढच्या रविवारी येतो. इथेच बसेन.”

“ये,” सर म्हणाले.

दारात सुतार घुटमळला. “साहेब, ते वाळवीचं काय करायचं?”

“राहू दे,” सर म्हणाले. “माझीच आहे ती.”

शेवटच्या आठवड्यात तिला पलंगावरून उचलून या खुर्चीत बसवायला सरांना कोणाचीही मदत लागली नव्हती; तिच्यात भारच उरला नव्हता.