नमुन्याचा कोट आणि न थांबणारी मोटरसायकल

एक होता शिंपी आणि एक होती त्याची बायको. त्यांना एक मुलगा, एक सून, शिलाईची दोन मशीनं आणि चार दिवसांपूर्वी दारात आलेली एक मोटरसायकल. शिंप्याची बायको म्हणजे मी. त्यामुळे या गोष्टीत खोटं काही नाही, आणि शहाणपणाचं जे काही आहे ते माझं आहे.

मोटरसायकल मुलाने बापासाठी घेतली, कारण सायकल मारून मारून त्यांचे गुडघे धरले होते. शोरूमचा माणूस अंगणात उभा राहून सगळं समजावत होता, तेव्हा हे नुसती मान हलवत होते. मागाहून मला म्हणाले, "तू ऐकलंस ना? मग झालं." मी शाळेची पायरी चढलेली नाही, पण एकदा कानावर पडलेलं विसरत नाही. किल्ली, क्लच, पहिला गिअर, क्लच अलगद सोडा, सगळं पाठ. (पुढचं तो सांगत होता तेव्हा मी चहा टाकायला आत गेले होते. पण एकदा गाडी निघाली की पुढे शिकण्यासारखं राहतंच काय?)

त्या दिवशी इस्पितळाच्या मेट्रनबाईंना नर्सच्या कोटाचा नमुना दहाच्या आत दाखवायचा होता. दहा वाजून गेले की त्या रेडिमेडवाल्याला होकार कळवणार होत्या. वर्षभराचं काम होतं ते. आमच्या एका मशीनवर सहा महिने चादर पडलेली. हे काम गेलं असतं तर दुसऱ्यावरही पडली असती. आणि कोटावरून शेवटची इस्त्री फिरली तेव्हा दहाला वीस कमी.

"मी रिक्षा बघते," सून म्हणाली.

"दारात गाडी असताना रिक्षा कशाला?"

"आई, बाबांनी ती अजून फाटकाबाहेर नेलेली नाही."

"मी आहे ना मागे," मी म्हटलं.

पिशवीत घालून इस्त्री मोडू नये म्हणून कोट मी अंगातच चढवला आणि मागे बसले. मी सांगत गेले, हे करत गेले. दोनदा गाडी जागच्या जागी बंद पडली, तिसऱ्यांदा उडी मारून निघाली.

"अहो, फार ओरडतेय ही."

"नवीन आहे. ओरडणारच."

(पहिल्या गिअरच्या वर अजून गिअर असतात, हे आम्हाला संध्याकाळी कळलं.) डावीकडचा दिवा घरापासून लुकलुकत होता. आम्ही आता वळू, मग वळू, म्हणून मागची सगळी वाहनं अदबीने थांबून राहिली. आम्ही काही वळलो नाही. मला वाटलं, कोट बघून मान देतायत.

इस्पितळाच्या आवारात मधोमध फुलझाडांचा गोल वाफा आहे. पायऱ्यांवर मेट्रनबाई घड्याळ बघत उभ्या. मी म्हटलं, "हं, थांबवा आता."

आता यांची चूक म्हणाल तर एवढीच, की चाळीस वर्षं त्यांनी पायमशीन चालवलं. ते थांबवायचं कसं, तर पाय वर घ्यायचे, उजव्या हाताने चाक घट्ट धरायचं आणि जरा आपल्याकडे ओढायचं. यांनी अगदी तसंच केलं. ब्रेकवरचा पाय वर घेतला, उजवी मूठ आवळली आणि आपल्याकडे पिळली. गाडी जोरात पळाली. घाबरून यांनी आणखी पिळली.

वाफ्याला फेरी मारून आम्ही पुन्हा पायऱ्यांसमोर आलो.

"कोट कुठाय?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"हा काय, अंगात," मी म्हणाले, तोवर त्या मागे पडल्या.

दुसऱ्या फेरीला, "खिसे किती?"

उत्तर तिसऱ्या फेरीला दिलं, "तीन. एक आतून."

"धुतल्यावर आटेल?"

चौथ्या फेरीला, "कापड आधी भिजवून घेतलंय."

"मग थांबून दाखवा ना नीट."

"हे थांबतील तर ना, बाई."

पाचव्या फेरीला यांनी दोन्ही हात सोडून कपाळाचा घाम पुसला. गाडी ओरडायची बंद झाली, अलगद कुंपणाच्या काटेरी झुडपात शिरली आणि धापा टाकत बंद पडली. आम्ही झुडपातून घसपटत पलीकडे. लागलं कोणालाच नाही. हे उठून पहिलं काय म्हणाले असतील? "कोट बघ."

मेट्रनबाई धावत आल्या. मला उभं करून त्यांनी कोटाच्या बाह्या ओढून पाहिल्या, खिशात मूठ घालून ताणलं, काखेची शिवण उलटीपालटी केली. एक टाका उसवला नव्हता.

"दहाला दोन मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या. "कोट मंजूर. रेडिमेडवाल्याचा कोट या झुडपातून बाहेर आला नसता. फक्त एक बदल करा. बटणं नकोत, चेन लावा."

मी खाली बघितलं. पाचही बटणं झुडपात गेली होती. (आमच्याकडे शिवण त्यांची. बटणं माझी. लग्न झाल्यापासून.)

तेव्हापासून दोन्ही मशीनं दिवसभर चालतात. एकावर हे, एकावर सून. चेन सूनच लावते, माझ्या हाती देत नाही. कामाला तोटा नाही, घरात सगळे खूश आहेत, आणि मलाही रिकामं ठेवलेलं नाही. मोटरसायकल पुसायचं काम माझ्याकडे आहे.