बारशाच्या मांडवात श्रद्धांजली

आमच्या नातवाचं बारसं होतं. बंगळुरातल्या येलहंक्यात, आमच्याच दारात. मांडव पांढरा होता, कारण मांडववाल्याकडे तेवढाच शिल्लक होता. आचारी कृष्णमूर्ती चुलीवरच रांधतो, म्हणून सकाळीच लाकडं येऊन पडली होती. आणि जावई सुमंत तिरुपतीचा नवस फेडून परतला होता, डोकं चकाचक भादरून. यात आमचा गुन्हा काय, ते मला अजून कळलेलं नाही.

आमचे शेजारी म्हणजे माजी मंत्री सुब्बाराव. सर्दीमुळे आठवडाभर बाहेर दिसले नव्हते. त्यांच्यावर डोळा ठेवून असलेला एका वाहिनीचा वार्ताहर महांतेश गल्लीत शिरला. त्यानं मांडव पाहिला, लाकडं पाहिली, सुमंतचं डोकं पाहिलं आणि चुलीच्या धुरानं डोळे पुसणारी माझी बायको पाहिली. पुढच्याच मिनिटाला सुब्बाराव वारले.

"अरे बाबा, बारसं आहे हे!" मी ओरडलो.

महांतेश बेळगावकडचा, मराठी उत्तम समजणारा. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "समजू शकतो, अण्णा. धीर धरा." मग कॅमेऱ्याकडे वळून जाहीर केलं, की शेजाऱ्यांना धक्का सहन झालेला नाही.

तेवढ्यात खुद्द सुब्बाराव लुंगी सावरत गच्चीत आले. "अहो, मी आहे की इथं!"

"सर, स्वल्प, म्हणजे जरा, आत जाता का?" महांतेश काकुळतीला आला. "आम्ही बातमी सगळ्यांच्या आधी दिलीय. आता मागे घेतली तर बाकीचे पुढे जातील."

सुब्बाराव तणतणत आत गेले आणि टीव्हीपुढे बसले. स्वतःबद्दल इतकं चांगलं त्यांनी हयातीत ऐकलं नव्हतं. ते काही पुन्हा बाहेर आले नाहीत.

मग बातमी ऐकून गर्दी लोटली आणि पोलिसांनी गल्ली बंद केली. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि आत्या हेमावती मारतहळ्ळीहून येऊन नाक्यावर अडकलेली. मुहूर्त टळत चालला होता. सुमंत तिला आणायला धावला, तर भादरलेलं डोकं पाहून लोक त्याच्याच गळ्यात पडून रडू लागले.

"मृताशी नातं काय?" पोलिसानं हेमावतीला विचारलं.

"बाळाची आत्या!"

हे नातं यादीत नव्हतं. शेवटी बिचारीनं डोळ्यांना पदर लावला आणि हंबरडा फोडला, "माझा अण्णा गेला हो!" पोलिसांनी तिला जीपमधून थेट दारात आणून सोडलं.

तिनं धापा टाकत पाळण्यात वाकून नाव सांगितलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. खिडकीतून हे टिपून महांतेशनं बातमी पुढे नेली: सुब्बारावांचा पुनर्जन्म! शोकाकुल जनतेनं तोवर आमच्या घुगऱ्या संपवल्या होत्या.

संध्याकाळी वाहिनीनं खुलासा केला: सुब्बारावांच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा.

हसताय? हसा की! पण इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' सर्वांत आधी कुणी टाकली होती? तिच्या वरच्याच संदेशात तर आमच्या बारशाचं आमंत्रण होतं. आणि आता एवढं सगळं वाचलंत, तरी बाळाचं नाव काय ठेवलं, हे काही विचारलं नाहीत.