दाजीकाकांचं अर्धं गाऱ्हाणं

आमच्या दाजीकाकांनी एकदा कोंबडीसाठी एसटी थांबवली होती. खोटं नाही सांगत! तारकर्लीच्या रस्त्यात मधोमध हात जोडून उभे. ड्रायव्हर ओरडला, "काकानू, बाजूक व्हा, टायम झालो!" तर हे म्हणतात, "टायम खंय पळान जाता? माजी कोंबी आज अंड्यांर बसली हा. बा देवा म्हाराजा, सगळी पिल्लां सुखरूप भायर येवंदेत रे म्हाराजा!" आणि अख्ख्या गाडीने, कंडक्टरसकट, आरोळी ठोकली, "व्हय म्हाराजा!"

तेव्हा कुठे गाडी सुटली.

बाहेरच्या वाचकांना सांगतो. गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवाला घालायची गळ. एकाने मागायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लोक देवळात जमून, काही मोठं कारण असलं की घालतात. दाजीकाका रोज घालतात. बांगड्याच्या तिखल्यात मीठ बरोबर पडावं म्हणूनसुद्धा! अडचण एकच. काकी जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता एक मधू शिकायला जर्मनीत, म्हणजे घरात व्हय म्हणायला कोणी नाही. आणि काकांचा कायदा असा की दुसऱ्याचा व्हय नसेल तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचतच नाही. मग पोस्टमन, माडावर चढलेला माणूस, शेजारचा म्हणून मी, जो सापडेल तो धरायचा.

मधू गेल्यापासून त्यांना आणखी एक खूळ लागलं. मुंबईहून कोणीही आलं की विचारायचे, "काय रे, थंय नाताळाक होस्टेल बंद करतत म्हणे. मगे भायरची पोरां खंय जातत? जेवतत खंय?" कोणाला माहीत असणार! मधू तर दर वेळी "मजेत आहे" एवढंच कळवतो. मीही मुंबईला शिकायला; दिवाळीत घरी आलो तर मलाच धरलं. मी म्हटलं, "काका, जर्मनीचं ठाऊक नाही. पण आमच्या मुंबईच्या होस्टेलात आफ्रिकेचा एक जुमा आहे, मोंबासाचा. सुट्टीत तो एकटाच उरतो. खानावळपण बंद असते."

काका ताडकन उठले. "एकटो? आणि तू हंय येवन लाडू खातंस? लाज नाय वाटत मेल्या? नाताळाक घेवन ये त्येका!"

आणला! खरं तर तो आमच्या घरी उतरायचा होता, पण काकांनी त्याला मुंबईची बोट लागताच बंदरावरूनच पळवला. काकांच्या मते परदेश म्हणजे बर्फ, आणि परदेशी माणूस थंडीत जपावा लागतो. खळ्यात, म्हणजे अंगणात, शेकोटी पेटवलेली, दोन कांबळी काढून ठेवलेली, वर मधूची जुनी कानटोपी! जुमा घामाने निथळतोय आणि काका टोपी आणखी खाली ओढतायत.

"काका, त्याच्या गावात आपल्यापेक्षा जास्त उकडतं!"

"गप रव! परदेश तो परदेश."

दुसऱ्या दिवशी काका खोबरं खवायला बसणार, एवढ्यात जुमाने त्यांच्या हातातली नारळाची कवड घेतली, आडाळ्यावर, म्हणजे खवणीच्या विळीवर, ऐटीत बसला आणि खर्र खर्र पांढराशुभ्र चव पाडायला लागला. काकांचा चेहरा बघायला हवा होता! "आरे! थंय पण आडाळो आसा?" जुमाने मोडक्या हिंदीत सांगितलं, घरोघर आहे, माड आहेत, मासे आहेत, आणि समुद्र तर हाच. हाच! फक्त पलीकडचा काठ.

काका जरा खट्टूच झाले. "मगे हो कसलो परदेशी!" पण संध्याकाळी कानटोपी होतीच.

जुमाला मालवणी कळत नव्हतं, पण "व्हय म्हाराजा" मात्र त्याने पहिल्याच दिवशी उचललं. काय घसा लावायचा! काकांना वर्षानुवर्षांचा दुष्काळ संपल्यासारखं झालं. कोंबड्यांसाठी, विहिरीसाठी, माझ्या परीक्षेसाठी, गाऱ्हाण्यांवर गाऱ्हाणी. पुढे पुढे तर "जुमो, जेवलंस?" विचारलं तरी उत्तर यायचं, "व्हय म्हाराजा!"

एका संध्याकाळी आम्ही तिघं किनाऱ्यावर बसलो होतो. सूर्य गेलेला, पाणी अगदी गप्प, धुक्यात किनाऱ्यावरचे लांबचे माड विरत चाललेले. वाळू इतकी पांढरी दिसत होती की ती वाळू आहे असं वाटेनाच. काका कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "बर्फ असोच दिसता काय रे, जुमो?"

मी हिंदीत सांगितलं. जुमा हसला. म्हणाला, मी कुठे पाहिलाय!

तिघांपैकी कोणीच पाहिला नव्हता. तरी आम्ही तिघंही त्या वाळूकडे असे बघत बसलो, जणू आता कोणीतरी त्यातून पावलं उमटवत येईल. काकांनी मूठभर वाळू उचलली, गालाला लावली. "गरम आसा," म्हणाले. मग आपल्या खांद्यावरचं कांबळं काढून त्यांनी जुमाच्या अंगावर टाकलं. जुमाने या वेळी ते घट्ट ओढून घेतलं.

निघायच्या दिवशी मुंबईची बोट मालवणच्या बंदरात, खोल पाण्यात उभी होती. तिच्यापर्यंत होडीने जायचं. आम्ही होडीत चढलो आणि काकांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, हो जुमो, खंयचो कोण, माज्या घराक रवलो..."

"व्हय म्हाराजा!" होडीतल्या सगळ्यांनी सूर धरला.

"माका जमला तसा त्येका मी जेवक घातलंय, थंडी लागूक दिलंय नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"तर तू पण म्हाराजा, थंय माज्या मधूक..."

आणि काका थांबले. ज्यांनी कोंबडीसाठी एसटी अडवली, त्यांना पुढचा शब्दच सापडेना. ओठ हलत होते, आवाज नव्हता. नाखव्याने वल्हं मारलं. काका लहान होत गेले, हात तसेच जोडलेले.  गाऱ्हाणंच अर्धं राहिलेलं, होडीतले व्हय म्हणणार तरी कशाला?

जुमाला त्यातलं काही कळलं नव्हतं. तो एवढंच बघत होता की काकांचे ओठ हलायचे थांबलेत.

तो डुगडुगत्या होडीत उभा राहिला, डोक्यावरची कानटोपी सावरली आणि सगळं बंदर दणाणेल असा ओरडला,

"व्हय म्हाराजा!"