चौखंडे बाईंना बोलावणं

चौखंडे बाई बोलायच्या कमी आणि शिट्टी जास्त वाजवायच्या. मैदानावर वाजवायच्याच, पण बाजारातही वाजवायच्या. भाजीवालीनं वांगी मोजताना तराजूला बोट लावलं की बाईंच्या गळ्यातली शिट्टी तोंडात गेलीच म्हणून समजा. अख्ख्या इतवारा बाजारात माणसं जागच्या जागी थांबायची, आणि बाई त्या भाजीवालीला हात वर करून सांगायच्या, "फाउल! पुन्हा मोज." भाजीवालीही पुन्हा मोजायची, कारण शिट्टीपुढे वाद कसा घालतात ते तिला बिचारीला ठाऊक नव्हतं.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्या मुलींच्या खेळाच्या बाई होत्या. मी त्यांच्या बास्केटबॉल संघाची कॅप्टन. ही गोष्ट साठ सालानंतरची, दोन-तीन वर्षं इकडे-तिकडे. मुलीनं चेंडूमागे धावणं तेव्हा घरच्यांना फारसं पटत नव्हतं. माझी उंची पाहून आईला स्थळांची काळजी, आणि बाईंना आनंद. त्या मला नावानं कधी हाक मारत नसत. "ए लांबे, इकडे ये" एवढंच.

बाईंजवळ एक बांबू होता. बरोबर दहा फुटांचा, वर लाल रंगाची खूण. सामन्याच्या गावी पोचलं की बाई आधी तो बांबू रिंगेखाली उभा करायच्या. कारण आमच्या वऱ्हाडात रिंग किती उंचावर लावायची, हे ती लावणाऱ्या माणसाचा हात कुठवर पोचतो यावर ठरायचं. दर्यापूरला एकदा ती साडेआठ फुटांवर निघाली. बाईंनी सुताराला बोलावून, वर चढवून, दहा फुटांवर करून घेतली, आणि मग आम्ही तो सामना हरलो. साडेआठवर ठेवली असती तर मी नुसती उभी राहून जिंकून दिला असता!

पण बाईंचा खरा छंद वेगळाच होता. कुठूनही स्पर्धेचं बोलावणं आलं की त्या त्याच दिवशी पोस्टकार्डावर "येतो" लिहून मोकळ्या. तारीख कोणती, गाव कोणतं, तिथं मैदान आहे की नाही, हे सगळं मागाहून. "बलावणं आलं का मांगं हटाचं नाई," हे त्यांचं ब्रीद. एकदा एका गावाहून कबड्डीच्या स्पर्धेचं कार्ड आलं, तेही चुकून आमच्याकडे. बाई आम्हाला घेऊन गेल्या. तिथं पोचल्यावर मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. आम्ही म्हटलं, आता परत जावं. बाई म्हणाल्या, "काहून? बलावलं तं खरं ना!" आणि आम्ही बूट काढून कबड्डी खेळलो. माझं कोपर महिनाभर सुजलेलं होतं.

स्टाफरूममध्ये म्हणायचे, चौखंडे बाईंना भुतानं बोलावलं तरी जातील. आलेली सगळी कार्डं बाई जिमखान्याच्या भिंतीवर टाचण्यांनी लावून ठेवत. आम्हाला वाटे, मिरवायची हौस.

त्या वर्षी आमचा संघ विद्यापीठाच्या सामन्यांत उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिथं नागपूरच्या पोरींनी आमचा असा काही धुव्वा उडवला की गाडीत कुणी डबासुद्धा उघडला नाही. झालं, हंगाम संपला. आणि जानेवारीत मूर्तिजापूरहून कार्ड आलं. तिथल्या एका मंडळानं छोटीशी स्पर्धा ठेवली होती, मुलींच्या चार संघांची.

प्रिन्सिपॉल साहेब भडकले. त्यांनी बाईंना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. "विद्यापीठाची उपांत्य फेरी खेळलेला संघ आता कापसाच्या जिनिंगच्या आवारात, सरकीच्या ढिगाऱ्यात खेळणार? तिथं जिंकलात तर कोण विचारतं, आणि हरलात तर कॉलेजची शोभा!"

बाई म्हणाल्या, "साहेब, जिंकलेल्याले तं कोनीबी बलावते. हे हरलेल्याले बलावून राह्यले."

"बाई, कुठं थांबायचं हे कळायला हवं. मोठी स्पर्धा झाली, संपलं. काय हो कॅप्टन, तुम्हाला काय वाटतं?"

मी काय सांगू! नागपूरचा मार अजून ताजा होता. त्यात मूर्तिजापूरला जाऊन आणखी हसं करून घ्यायचं मला मुळीच नव्हतं. मी साळसूदपणे म्हटलं, "सर, त्यापेक्षा परीक्षेचा अभ्यास बरा." अभ्यास आणि मी! प्रिन्सिपॉल खूश झाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी 'येतो' लिहून टाकलं," त्या हळूच म्हणाल्या.

"मग 'येत नाही' असं दुसरं कार्ड टाका."

"ते मले जमत नाई, साहेब. पोरी नाई आल्या तं मी एकटी जातो. त्यांनी वाट पाह्यली अन् कोनीच नाई गेलं, असं नको व्हाले."

बाई एकट्या, बांबू धरून, मूर्तिजापूरच्या मैदानात उभ्या आहेत, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला हसू आवरेना. बाहेर येऊन मी पोरींना सांगितलं. त्याही खूप हसल्या. मग कुणीतरी म्हटलं, "जाऊ द्या व, चला. म्हातारी खरंच एकटी जाईल." अशा तऱ्हेनं, केवळ गंमत म्हणून, आम्ही गेलो.

बडनेऱ्याला गाडी बदलताना बांबू डब्यात शिरेना. तो खिडकीतून आडवा घेतला आणि एका फेटेवाल्या काकांच्या मांडीवर पुढचा तास ठेवला. मूर्तिजापूरला मैदान खरोखरच जिनिंगच्या आवारात होतं. कापूस उडून चेंडूला चिकटायचा, आणि चेंडू हातात आला की ससा धरल्यासारखं वाटायचं. माणसं मात्र ही गर्दी! बैलगाड्यांवर उभं राहून पाहत होती. पहिला सामना आम्ही जिंकलो, दुसरा दोन गुणांनी हरलो. बाईंनी दोन्ही वेळा सारखंच तोंड केलं.

सामना संपल्यावर मंडळाच्या अध्यक्षांची बायको आम्हाला बोलवायला आली. संक्रांतीचे दिवस होते, तिच्या घरी हळदीकुंकू होतं. "सगळ्या पोरी चला, बाईंनाही घेऊन या," असं ती लांबूनच म्हणाली. आम्ही धुळीनं माखलेल्या तशाच निघालो. तिच्या घराच्या पायरीशी ती बाईंसमोर आली, तिनं बाईंच्या कपाळाकडे पाहिलं, आणि ती तिथंच घुटमळली. बाईंनीच तिला सोडवलं. म्हणाल्या, "मी ओसरीत बसतो. चेंडूत हवा भराची हाय."

चेंडूत हवा गच्च भरलेली होती. सकाळी मीच भरली होती.

आता सांगायची लाज वाटते, पण चार वर्षं त्या पांढऱ्या पातळाकडे पाहून आम्हाला वाटायचं की खेळाच्या बाईंचा तो ड्रेसच असतो. मुलांचे सर नाही का पांढरी पँट घालत, तसा. कपाळावर कुंकू नसायचं, तर वाटायचं घामानं पुसलं जात असेल. चार वर्षं! रोज दोन तास समोर असलेलं माणूस आम्हाला दिसलं नव्हतं.

आत आम्हाला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून एकेक कंगवा दिला. मी सगळ्यांच्या आधी बाहेर आले. बाई चेंडू मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"पाहू व, काय देलं?" त्यांनी कंगवा हातात घेतला, उलटून पालटून पाहिला. "चांगला हाय. मले आरसे भेटले होते. दोन संक्रांती भेटले. मंग बंद." इतकं सांगून त्यांनी कंगवा परत दिला आणि उद्याच्या गाडीची वेळ सांगितली.

भिंतीवरची ती कार्डं मला तेव्हा कळली. घराच्या नावानं, घरची बाईमाणूस म्हणून त्यांना कुणीच बोलवत नव्हतं. बारशाला नाही, मंगळागौरीला नाही. संघाच्या नावानं तरी बोलावणं यायचं, आणि त्या धावत जायच्या. आणि मी म्हणाले होते, त्यापेक्षा अभ्यास बरा. मला त्या ओसरीवर स्वतःचा फार राग आला. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी अकोल्याला आले. उंच नवरा मिळाला, आई सुटली एकदाची. पहिल्या संक्रांतीला सासूबाई हळदीकुंकवाची तयारी करत होत्या. मी गुपचूप एक पोस्टकार्ड टाकलं. "आमच्या घरी हळदीकुंकू आहे. आपण अवश्य यावे." सासूबाईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नको म्हणतील अशी भीती होती, आणि बाई कुठल्या बोलावण्याला नाही म्हणत नाहीत याची खात्री होती. चौथ्या दिवशी उत्तर आलं. "येतो."

त्या दुपारी घर बायकांनी भरलेलं होतं. बाई आल्या, आणि फाटक उघडून ओसरीपाशीच थांबल्या. अंगावर पांढरंच पातळ, इस्त्री केलेलं. पायात कॅनव्हासचे बूट.

"आत या ना, बाई."

"नाई व लांबे. मी इथंच बसतो. वारा बरा लागून राहिला." जानेवारीत कसला वारा! त्या घाबरलेल्या होत्या. मीही होते.

तेवढ्यात सासूबाई हातात तिळगुळाचं ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं. कपाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"कोन हायेत ह्या?"

"माझ्या खेळाच्या बाई. मी बोलावलंय त्यांना."

सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. आतल्या बायका दाराशी येऊन पाहू लागल्या. मग त्या मला म्हणाल्या, "बलावलं तं दारात काहून उभं केलं? आत घे. कोनी काई बोललं तं ते मी पाहतो." आणि बाईंना, "या व बाई, आत या."

बाई पायरीवर बसल्या आणि बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. आम्ही सगळ्या उभ्या होतो. डोळे भरून आल्यामुळे त्यांना गाठ दिसत नव्हती, त्यामुळे बूट काढायला त्यांना फार वेळ लागला.