एका पायाचा बिबट्या

हन्नाबाई सकाळी फाट्यावर उतरून शाळेच्या वाटेला लागल्या, तोच उसाच्या कडेनं चारपाच माणसं काठ्या घेऊन पळत आली. एकजण तेलाचा डबा बडवत होता.

"बाई, थांबा! यकट्या कुठं निघालात?" सरपंच आप्पासाहेब ओरडले. "शाळेत बिबट्या शिरलाय!"

बाई जागीच थांबल्या. बेलापूरकडच्या या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचं नाव निघालं की धट्टीकट्टी माणसं दिवेलागणीनंतर अंगणात पाऊल टाकत नाहीत.

"कुणी पाहिला?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"पाह्यला न्हाई, पर परसबागेत ठसे हायेत. तुमच्याच पोरांनी हुडकलेत. ग्रुपवर फोटू हाय, बघा की!"

बाईंनी मोबाईल उघडून फोटो पाहिला आणि त्यांची भीती गेली. लगेच दुसरी आली, ती पहिलीपेक्षा मोठी होती. ते ठसे त्यांनीच उमटवले होते.

त्याचं असं झालं. मागच्या महिन्यात प्रशिक्षणात सांगितलं होतं, की फळ्यावर लिहून पाठ करून घ्यायचे दिवस गेले. मुलांपुढं एखादं कोडं ठेवा. ती बघतील, मोजतील, टॅबवर शोधतील आणि आपलं आपण शिकतील. बाईंना ते मनापासून पटलं. त्यांनी जुन्या स्लीपरचा रबरी तळ कापून पंजा कोरला, शाळा सुटल्यावर मेथीच्या ओल्या वाफ्यात तो चार ठिकाणी दाबला आणि देवाचं नाव घेऊन घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उलगडा करायचा, असा साधा बेत होता.

पण मुलं बाईंच्या आधी पोहोचली. चौथीतल्या एंजलनं पट्टी लावून ठसा मोजला. अमृतनं टॅबवर फोटो टाकून प्राणी ओळखला. आणि 'मिळालेली माहिती समाजापर्यंत पोहोचवायची असते' हे बाईंचंच वाक्य आठवून दोघांनी ती पोहोचवली. इतका यशस्वी प्रकल्प त्या शाळेत आजवर झाला नव्हता.

मुख्याध्यापक गहिनीनाथ सर कचेरीत खिडक्या लावून बाकावर उभे होते.

"बाई, मी सांगत होतो ना, पुस्तकाच्या बाहेर जाऊ नका? आता बाहेरचं आत आलं!"

"सर, मला जरा बोलायचंय..."

"हळू! तो आवाजावर येतो."

बाई गप्प झाल्या. तेव्हाच बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण तेवढ्यात वनरक्षक आला. रविराज त्याचं नाव, नेमणूक नुकतीच झालेली. तो वाफ्याशी उकिडवा बसला आणि एकेक ठसा वितीनं मोजू लागला.

"चारी ठसे एकाच पायाचे आहेत," तो शेवटी म्हणाला.

बाईंनी डोळे मिटले. सापडले आता, असं त्यांच्या मनानं घेतलं.

"म्हणजे बाकीच्या पायांवर तो जोर देत नाही," रविराजनं निष्कर्ष काढला. "जखमी असणार. जखमी जनावर लई वाईट. त्याला पळती शिकार जमत नाही, मग ते सोपं काहीतरी बघतं."

"सोपं म्हणजे?" सरांनी कचेरीच्या दारातून विचारलं.

रविराजनं सरांच्या पोटाकडं पाहिलं. "सावकाश पळणारं."

सर पुन्हा बाकावर चढले.

दुपारपर्यंत 'लंगडा बिबट्या' तीन वस्त्यांवर पोहोचला. कुणी त्याला कालव्यावर पाणी पिताना पाहिलं, कुणी तो लंगडत बांध ओलांडताना पाहिला. संध्याकाळी शाळेमागं पिंजरा आला. त्याच्या मागच्या कप्प्यात बांधायला शेळी हवी होती, ती शाळेत खिचडी शिजवणाऱ्या छबूबाईनं दिली.

शाळा समाजमंदिरात भरू लागली. हन्नाबाईंना भाकर गोड लागेना. प्रार्थनेला बसल्या की क्षमेच्या ओळीवर जीभ अडायची. खरं सांगावं तर नोकरीवर गदा यायची, सरकारी माणसांना फसवलं म्हणून चौकशी लागायची. न सांगावं तर छबूबाई रोज समोर यायची.

"बाई, शेळी रातभर वरडती वो. दूध आटलं तिचं. लेकरू परक्याच्या दारात ठिवल्यागत वाटतंय."

आपल्या एका खोटेपणासाठी मुकं जनावर रात्रभर थरथरतंय, हे काही त्यांना सोसेना. एका सकाळी देवापुढं बसून त्यांनी ठरवलं, काय व्हायचं ते होवो. शाळा भरण्याआधी समाजमंदिरात गावकरी बैठकीला जमले होते. बाईंनी पर्समधून रबरी पंजा काढला आणि सगळ्यांसमोर धरला.

"बिबट्या नाही. ते ठसे मी केले. मुलांना शिकवण्यासाठी. मला माफ करा."

मग आप्पासाहेबांनी उठून आधी दार लावून घेतलं.

"बाई, हे अजून कुणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलू बी नका! अवो, बिबट्या हाय म्हून आमी अर्ज दिला. कालपासनं मोटारीला दिवसाची लाईट आलीया. इतकी वर्सं आमी रातच्याला अंधारात दारं धरली, उसात पाणी भरलं, कुणी इचारलं न्हाई. तुमचा बिबट्या खोटा निगाला तर लाईट पुन्यांदा रातची!"

"पण छबूबाईची शेळी?"

छबूबाई पदर सावरत पुढं आली. तिचा नवरा सहादेव लोकांच्या उसाला पाणी भरायला जायचा.

"ऱ्हाऊ द्या शेळी. आमचं मालक आता रातचं घरी असत्यात. किती दिसांनी डोळ्याला डोळा लागला माजा."

गहिनीनाथ सर छताकडं पाहत म्हणाले, "मी काही ऐकलेलं नाही."

"फकस्त यक हाय," आप्पासाहेब आवाज उतरवून म्हणाले. "सोमवारी वनखात्याचं सायेब पाहनीला येनार. जुनं ठसं वाळलं. तवा बाई, तेवढं..."

"नाही," हन्नाबाई म्हणाल्या. आवाज मऊच होता, पण ठाम. "एकदा चुकले. पुन्हा नाही." आणि त्यांनी तो पंजा छबूबाईच्या चुलीत टाकला. त्या दिवशीच्या खिचडीला रबराचा वास आला, पण कुणी तक्रार केली नाही.

सोमवारी सकाळी बाई आल्या तर शाळेच्या परसबागेत ओले ताजे ठसे. बाईंना राग आवरेना. आप्पासाहेब हार-नारळ घेऊन साहेबांची वाट बघत उभे होते. त्या तडक त्यांच्यापुढं गेल्या.

"मी नाही म्हटलं तरी करून घेतलंतच ना? मुलांपुढं आपण काय आदर्श ठेवतोय? काम मात्र सुबक आहे हो. चारही पाय वेगवेगळे, मागचे जरा लहान, चालीतलं अंतरसुद्धा बरोबर."

आप्पासाहेब कौतुकानं हसले. "आमाला वाटलं, तुमीच मन बदललं. म्हनलं, बाई कामाला लई पक्क्या."

"मी? मी तर आत्ता येतेय."

आप्पासाहेबांचं हसू तिथंच राहिलं. त्यांनी छबूबाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. सहादेवनं हलवली. गहिनीनाथ सर तर मान हलवायलाही थांबले नाहीत, कचेरीत जाऊन कडी लावून मोकळे झाले.

पिंजऱ्याचं दार उघडंच होतं. रोज ओरडून वस्ती डोक्यावर घेणारी शेळी कोपऱ्यात अंग चोरून उभी होती आणि उसाकडं टक लावून पाहत होती. उसात काहीतरी सळसळलं.

"बाई, मोजू का?" एंजलनं पट्टी पुढं केली.

"आत चल!" बाईंनी तिचा हात धरला.

"सायबांना मग काय सांगायचं वो?" आप्पासाहेबांनी हळूच विचारलं.

"खरं सांगायचं," हन्नाबाई म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते, पण कितीतरी दिवसांनी मनाला निवांत वाटत होतं. "आता खरं सांगायला काहीच हरकत नाही."

आणि सरपंच, छबूबाई, सहादेव, मुलं आणि बाई अशी सगळी मंडळी एकाच वेळी शाळेच्या दारात अडकली.